पुराव्याअभावी

माझ्या नवऱ्यावर त्याच्या पहिल्या बायकोच्या खुनाचा खटला चालला होता, हे मला त्यानेच सांगितलं. तेव्हा आमची ओळख जेमतेम पंधरा दिवसांची होती. सांगितलं म्हणजे काय, कंपनीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर प्लास्टिकचं एक फोल्डर ठेवलं.

"हे आधी वाचा मॅडम," तो म्हणाला. "मग माझ्याशेजारी बसायचं की नाही ते ठरवा."

बोलताना मी त्याला कायम 'तुम्ही'च म्हटलं. लिहिताना मात्र 'तो' येतो आहे, तर तसंच राहू देते.

आमची कंपनी चाकणला. गाड्यांच्या आत बसवायचे प्लास्टिकचे भाग तिथे तयार होतात आणि ते तपासणाऱ्या विभागात मी बरीच वर्षं होते. तो मेंटेनन्सला कॉन्ट्रॅक्टवर आला. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, चाळिशीच्या आतबाहेरचा. यंत्र बंद पडलं की तो येऊन आधी नुसता कान देऊन उभा राहायचा, मग पाना हातात घ्यायचा. आठवडाभरात कोणीतरी मोबाइलवर त्याची जुनी बातमी शोधून काढली आणि ती सगळ्या ग्रुपांवर फिरली. दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. बायका तर उभ्याने यायच्या, पण तिथे बसायच्या नाहीत.

मी मोशीला चढायचे. माझे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरत होते. मी बसले, एवढंच. पुढे लोकांनी त्याला धाडस म्हटलं, निर्लज्जपणाही म्हटलं. मला त्या दिवशी फक्त बसायचं होतं.

पहिले काही दिवस आम्ही बोललोच नाही. मग एकदा बस ट्रॅफिकमध्ये तासभर अडकली, तेव्हा त्याने डब्यातली तिळाची चटणी पुढे केली. मी ती घेतली. त्याने स्वतः वाटलेली होती. तो मूळचा जळगावकडचा, हे तेव्हा कळलं. माझे वडील लातूरकडून पिंपरीत नोकरीला आलेले, ते शेवटची नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि त्यांचं सगळं करता करता माझं लग्नाचं वय निघून गेलं, हे मी सांगितलं. त्यानंतर दोनच दिवसांनी त्याने ते फोल्डर माझ्या मांडीवर ठेवलं.

निकाल इंग्रजीत होता, सोबत जोडलेल्या साक्षी मराठीत. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या मागे बसून मी ते दोन दिवसांत वाचलं. इंग्रजी अडलं तिथे पुन्हा वाचलं.

घटना अशी होती. मोशीत एका चार मजली इमारतीत ते दोघं तिसऱ्या मजल्यावर राहत होते. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तो पहिल्या शिफ्टवरून साडेतीनला घरी आला आणि दोघांचं भांडण झालं. शेजाऱ्यांनी आवाज ऐकले. ती वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली आणि काही वेळाने खाली पडली. गच्चीचा कठडा गुडघ्याच्या थोडा वरपर्यंतच होता. त्याचं म्हणणं, तो तिला समजवायला मागून निघाला होता, जिन्यात असतानाच खालून ओरडा ऐकू आला. समोरच्या इमारतीतल्या एका बाईने पोलिसांना सांगितलं होतं की गच्चीवर दोन माणसं दिसली. उलटतपासणीत ती म्हणाली, दुसरं माणूस होतं की दोरीवर घातलेली गोधडी, हे खात्रीने सांगता येत नाही. त्याच्या बायकोच्या आईने सांगितलं की जावई मारहाण करायचा. मुलीच्या अंगावर पडल्याच्या जखमांखेरीज दुसरं काही आढळलं नव्हतं. दोन वर्षांहून अधिक काळ तो तुरुंगात होता. शेवटी पुराव्याअभावी, संशयाचा फायदा देऊन, त्याला सोडण्यात आलं.

तिसऱ्या दिवशी मी फोल्डर परत दिलं आणि त्याच्याच शेजारी बसले.

"वाचलं?"

"वाचलं."

"मग?"

"खिडकी जरा लावा. धूळ येते."

त्याने खिडकी लावली. चाकण येईपर्यंत तो बाहेरच बघत होता. उतरताना मी पाहिलं, त्याचे डोळे लाल झाले होते.

पुढचं वर्ष असंच बसच्या सीटवर गेलं. मी प्रेमात पडले हे मला उशिरा कळलं. त्याने चार दिवस सुट्टी घेतली होती आणि चारही दिवस मला जेवण गेलं नाही, तेव्हा कळलं.

धाकटा भाऊ वाकडला राहतो. आयटीत आहे, चौदाव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. मी त्याला सांगायला गेले. वहिनीने कॉफी आणून ठेवली आणि ती तिथेच बसली. भाऊ ओरडला नाही. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"ताई, कोर्टाने सोडलं म्हणजे त्याने केलं नाही असं होत नाही," तो म्हणाला.

"केलं असंही होत नाही."

"मान्य. पण ते तू स्वतःवर कशाला तपासून बघतेस?"

वहिनी हळूच म्हणाली, "तुम्हाला एकटं वाटत असेल तर इथे येऊन राहा ना ताई. खोली रिकामीच आहे."

तिने ते मनापासून म्हटलं होतं, हे मला ठाऊक आहे. तरी मला राग आला. वडिलांच्या नऊ वर्षांत ती खोली रिकामीच होती. मी कॉफी तशीच टाकून निघाले.

आम्ही रजिस्टर लग्न केलं. भाऊ आला नाही. वहिनी आली, साडी घेऊन. सही केली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि त्याच्याकडे न बघताच त्याला नमस्कार केला. तिथून आम्ही दोघं देहूला गेलो, इंद्रायणीच्या घाटावर बसलो, मिसळ खाल्ली आणि संध्याकाळी घरी आलो. घर म्हणजे मोशीतल्या एका जुन्या बैठ्या चाळीतल्या दोन खोल्या. वरच्या मजल्यावरची एक चांगली जागा मिळत होती. तो म्हणाला, "वर नको." मी विचारलं नाही.

पहिली चार वर्षं मी सुखात होते. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी भीतीत दिवस काढले. तसं नव्हतं. सकाळी चहा तो करायचा. माझा युनिफॉर्म इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकायचा. कंपनीत आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलायचो आणि बसमध्ये बसलो की दिवसभराचं साठलेलं बोलायचो. रविवारी तो भरताची वांगी भाजायचा आणि सगळी चाळ त्या वासाने विचारत यायची. भरीत तो सगळ्यांना वाटायचा. चाळीतल्या बायकांना त्याचं मागचं ठाऊक होतं. दोघीतिघी वाटी घ्यायच्या, बाकीच्या दार लोटून घ्यायच्या. तो दोन्ही गोष्टी सारख्याच शांतपणे घ्यायचा.

ती शांतताच मला कधी कधी जड जायची. चार वर्षांत तो माझ्यावर एकदाही ओरडला नाही. माझा स्वभाव तापट. भाजी करपली, नळ गळला, वहिनीचा फोन आला, कशावरूनही माझं डोकं फिरायचं. मी बोलत सुटले की तो उठून दाराबाहेर पायरीवर जाऊन बसायचा. दार सताड उघडं ठेवायचा, येणाजाणाऱ्याला आत मी एकटीच दिसावी असं. एकदा मी म्हटलंही, "अहो, भांडा तरी माझ्याशी. माणसं भांडतात."

तो म्हणाला, "मला परवडत नाही."

मी हसले होते त्यावर. तो हसला नव्हता.

तिसऱ्या वर्षी कंपनीत तेलावरून पाय घसरून माझं मनगट मोडलं. दवाखान्यात नर्सने नाव, वय लिहून घेतलं आणि त्याला बाहेर थांबायला सांगून मला विचारलं, "घरी काही झालं का?" सगळ्याच बायकांना विचारत असतील. मी सांगितलं, कंपनीत पडले, दहा जणांनी पाहिलंय. बाहेर आले तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता. दारातून त्याला ऐकू गेलं होतं. दुसऱ्या दिवशी भाऊ आला, माझ्याजवळ बसला आणि तो चहा टाकायला आत गेल्यावर खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, खरं सांग." आतून भांड्यांचा आवाज यायचा थांबला. मी मोठ्याने म्हटलं, "खरं तेच सांगितलंय." दीड महिना माझा हात प्लॅस्टरमध्ये होता. त्या दीड महिन्यात त्याने माझी वेणी घालायला शिकून घेतली. सुरुवातीला फार सैल घालायचा. म्हणायचा, दुखेल.

मग रस्ता रुंद करायचा म्हणून चाळ जाणार असं ठरलं. आम्ही मोशीतच एका नव्या टॉवरमध्ये सहाव्या मजल्यावर भाड्याने जागा घेतली. त्याला खालचीच हवी होती, पण खाली नुसतं पार्किंग. मीच म्हटलं, किती दिवस असं खालीखाली राहायचं. तो 'बरं' म्हणाला. घर हवेशीर होतं. मागे कपडे वाळत घालायची छोटी बाल्कनी होती. तिला कंबरेएवढी लोखंडी जाळी, आणि बाहेरच्या बाजूला दांड्या.

त्या घरात जाऊन चार महिने झाले होते. रविवारची दुपार होती, वारा सुटला होता. माझी ओढणी बाहेरच्या दांडीत अडकली. मी टाचा उंचावून, जाळीवर पोट टेकून, हात लांब करून ती ओढत होते. तो मागून आला. त्याने दोन्ही हातांनी माझे खांदे धरले.

मी किंचाळले. "नको!"

एकच शब्द. मी वळले, त्याचे हात झटकले आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. 

तो एकदम दोन पावलं मागे सरकला, स्वयंपाकघरात गेला आणि तिथे उभा राहिला. हात अंगापासून लांब, पंजे उघडे. शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. दार उघडंच होतं, त्या आत आल्या.

"काय झालं हो?"

तोच म्हणाला, "काही नाही काकू. त्या वाकल्या होत्या, मी धरायला गेलो. त्या घाबरल्या."

चार वर्षांत त्याने मला कधी 'त्या' म्हटलं नव्हतं. तो चारचौघांत, साहेबांसमोर बोलावं तसा बोलत होता. काकूंनी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. ओढणी वाऱ्याने सुटून खाली गेली होती. तो जिन्याने उतरून ती घेऊन आला. लिफ्ट होती, तरी जिन्याने गेला. घडी करून टेबलावर ठेवली.

दोन दिवस त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर चहा पिताना त्याने विचारलं.

"तुला वाटतं का, मी केलं असेल?"

"नाही."

"मग का ओरडलीस?"

मी म्हटलं, दचकले. कोणीही दचकतं. अचानक कोणी मागून धरलं तर. तो ऐकून घेत होता. माझं मलाच पटत नव्हतं. मी 'आई गं' म्हणू शकले असते, 'अहो' म्हणू शकले असते. जो शब्द आला तो आला.

"मी वाटच बघत होतो," तो म्हणाला. "आज ना उद्या हे होणार होतं. तुझी चूक नाही."

"तसं बोलू नका."

"त्या दिवशीचं पुन्हा सांगू का?"

मी नको म्हणायला हवं होतं. मी मान हलवली. त्याने सांगितलं. भांडण कशावरून, तर तिला काही दिवस माहेरी जायचं होतं. त्याने रागात म्हटलं, जा, पण मग परत येऊ नकोस. ती काही न बोलता बादली घेऊन वर गेली. तो पाच-दहा मिनिटं बसून राहिला, मग उठला. "गच्चीच्या दाराला हात लावला आणि ओरडा ऐकू आला," तो म्हणाला.

निकालातला त्याचा जबाब मला पाठ होता. जबाबात तो तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात होता.

"दाराशी होतात?" मी विचारलं.

"जिन्यात."

"आत्ता दार म्हणालात."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "जिन्यातच होतो. इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच कळत नाही कुठे होतो."

हे खरं असू शकतं. माझ्या वडिलांच्या शेवटच्या दिवसाचं मी इतक्यांना सांगितलंय की त्यांनी पाणी मागितलं होतं का चहा, हे आता मला सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून ते गच्चीचं दार माझ्या डोक्यातून गेलं नाही.

पंधरा दिवसांनी मी त्याला न सांगता त्याच्या पहिल्या बायकोच्या आईकडे गेले. चाकणच्या पुढे त्यांचं गाव. आता गावाभोवती सगळी गोदामं झालीत, मधे जुनी घरं. पत्ता मला साक्षीतूनच ठाऊक होता. म्हातारी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी कोण ते सांगायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "त्याची आत्ताची ना तू? पोरानं दाखवलाय मला तुजा फोटो. ये, बस."

तिने पाणी आणून दिलं. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. ती पुन्हा लसूण सोलू लागली.

"कशापायी आलीस?"

"मला विचारायचं होतं. तुम्हाला खात्री आहे का, त्यांनीच केलं म्हणून?"

"न्हाई," म्हातारी म्हणाली. "मी कुटं गच्चीवर व्हते."

रस्त्याने एक कंटेनर गेला, तो लांब जाईपर्यंत ती थांबली.

"पोलिसांला म्या सांगितलं, मारायचा म्हून. एकदाच मारली व्हती त्यानं. थोबाडीत. त्येला दोन वरसं झाल्ती. पोरगा म्हनला, मारायचा असंच सांग आये. म्या सांगितलं."

"का?"

"घास उतरत नव्हता बाई. कुनाला तरी धरल्याबिगर घास उतरत नव्हता." तिने हातातली पाकळी ताटलीत टाकली. "तिनं फोन केल्ता, त्याच हप्त्यात. आये, मी येऊ का रहायला म्हनली. सून बाळंत व्हायची व्हती, घरात जागा न्हाई. म्या म्हनलं, पुढल्या म्हैन्यात ये. ह्ये म्या कुनालाच न्हाई सांगितलं. कोर्टात बी न्हाई."

मी तिच्या पुढ्यातला लसूण घेऊन सोलायला लागले. थोड्या वेळाने तिनेच माझ्याकडे वर बघितलं.

"तू ऱ्हातीस त्याच्यासंगं. तुला काय वाटतं?"

"माझ्या अंगावर त्यांनी कधी बोट उगारलं नाही."

"तसं न्हाई इचारलं म्या."

ती वाट बघत होती, खरोखर वाट बघत होती, दारात उभा राहिलेला माणूस बघतो तशी. मला तेव्हा उमगलं की ती माझ्याकडून तेच मागते आहे, जे मागायला मी तिच्याकडे आले होते. निघताना तिने माझ्या पिशवीत मूठभर लसूण घातला.

घरी येऊन मी त्याला सांगितलं, कुठे गेले होते ते. तो चिडला नाही.

"तुम्ही तिला मारलं होतं, एकदा?"

"हो."

"मला सांगितलं नाहीत."

"वकील म्हणाले, हे कोणाकडे काढायचं नाही. मग मी काढलंच नाही. कागदावर नव्हतं, तर मलाही वाटायला लागलं की नव्हतंच." मग त्याने विचारलं, "तेव्हा सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"माहीत नाही."

"मला माहीत होतं. नसतीस आली."

मी त्याला तिच्या फोनचंही सांगितलं, आईने पुढल्या महिन्यात ये म्हटल्याचं. त्याने ते दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग तो मोरीत गेला, नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. तो रडत असावा. कशासाठी ते मी विचारलं नाही. तिला त्या आठवड्यात आईने ये म्हटलं नव्हतं आणि त्याने परत येऊ नकोस म्हटलं होतं, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र कळलं होतं. निदान मला तसं वाटतं. दुसरंही काही असू शकतं.

त्यानंतर आम्ही सहा-सात महिने एकत्र राहिलो. तो माझ्या मागे कधी येईना. स्वयंपाकघरात मी असले तर दारातूनच हाक मारायचा, "येतोय गं," आणि मग आत यायचा. बाल्कनीत तर पाऊलच टाकेना. माझ्या वेणीला हात लावेना. मी मुद्दाम एकदा त्याच्यापुढे पाठ करून बसले, कंगवा पुढे केला. तो म्हणाला, "तुझा हात बरा झालाय की आता." मी पुष्कळ समजावलं, रडले, भांडले. मी म्हटलं, माझा विश्वास आहे तुमच्यावर. तो म्हणाला, "तुझा आहे. तुझ्या अंगाचा नाही."

मग त्याने नगरकडे, सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी शोधली. मी आधी थांबवायचा प्रयत्न केला, नंतर केला नाही. खरं सांगायचं तर ज्या दिवशी तो बॅग घेऊन गेला, त्या दिवशी दुपारी मला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा दिवे लागले होते. त्या झोपेची मला अजून लाज वाटते.

भावाचा फोन आला. म्हणाला, "बरं झालं ताई, नीट सुटलीस." मी त्याच्याशी वर्षभर बोलले नाही.

आमचा घटस्फोट झालेला नाही. सुरुवातीला तो दर शनिवारी यायचा, मग महिन्यातून एकदा. आता मीच जाते, दुसऱ्या शनिवारी, एसटीने. त्याची खोली एका माडीच्या घराच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर आहे. तो स्वयंपाक करून ठेवतो. आम्ही जेवतो, तो कंपनीतल्या यंत्रांचं सांगतो, मी माझ्या लाइनवरच्या मुलींचं सांगते. तिथे त्याचं मागचं कोणालाही ठाऊक नाही. पहिल्याच भेटीत त्याने मला हात जोडून सांगितलं होतं, "इथे काही बोलू नकोस." मी कोणाला सांगणार होते? पण त्याने हात जोडलेले मला बघवले नाहीत.

गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा तो दळण आणायला गेला होता. घरमालकीण ओट्यावर येऊन बसली. साठीची, बोलकी बाई. म्हणाली, असा भाडेकरू आजवर मिळाला नाही. आवाज नाही, व्यसन नाही. तिची सून माहेरी बाळंत होऊन नुकतीच घरी आली होती, वर माडीवर राहते. तिच्या खोलीतला पंखा यानेच दुरुस्त करून दिला म्हणे. "सून एकटीच होती तरी मी बिनधास्त पाठवलं वर," ती म्हणाली. "माणूस ओळखू येतो हो."

मी तिच्या सुनेचं वय विचारलं. का विचारलं, मला ठाऊक नाही.

"तेवीस," ती म्हणाली. मग म्हणाली, "एवढा देवमाणूस, आणि तुम्ही तिकडे एकट्या का राहता बाई?"

मी म्हटलं, "नोकरी आहे तिकडे."

तेवढ्यात तो दळणाची पिशवी खांद्यावर घेऊन फाटकातून आत आला. दोघींना एकत्र बसलेलं पाहून तो जागच्या जागी थांबला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मी हसले. मग तो पुढे आला, पिशवी खाली ठेवली आणि पीठ लागलेले हात झटकत मालकिणीला म्हणाला, "चहा टाकतो मावशी, थांबा." आम्ही तिघांनी चहा घेतला. साडेचारच्या एसटीने मी निघाले.